कोंबडी आणायच्या आधी कोंबड्याचं ठरवा

कोपरखैरणेहून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देते:

"आम्ही सिडकोच्या रो हाऊसमध्ये राहतो, मागे साधारण दहा बाय आठ फुटांची जागा आहे. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. ह्यांनी बाजारातून सहा रंगीत पिल्लं आणली होती, आठवड्यात पाच मेली, एकच उरलंय. मुलं खूप रडली. आता ह्यांचं म्हणणं, नीट तयारी करून कोंबड्या आणि बटेर (लावरीसारखा छोटा पाळीव पक्षी) पाळू, घरची अंडी मिळतील, मुलांचा मोबाईल सुटेल. सासूबाईंचा पाठिंबा आहे, चिपळूणला त्यांच्या दारात कोंबड्या असायच्याच. सासऱ्यांना दमा आहे आणि त्यांना कोणीतरी सांगितलंय की बटेरची अंडी दम्यावर चांगली. मला शेजाऱ्यांची भीती वाटते. आणि मुलगा आत्ताच विचारतोय, मोठ्या झाल्या की कापणार का? आम्ही मटण-चिकन सगळं खातो, त्याला काय सांगू? सुरुवात कोंबडीने करू की बटेरने?"

ताई, मुलाचा प्रश्न तुम्ही शेवटी शेवटी लिहिलाय पण माझ्या मते तोच पहिला आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

आधी त्या रंगीत पिल्लांचं सांगते. ती पिल्लं बहुतेक करून अंड्यांच्या जातीतले नर असतात. नर अंडं देत नाही आणि त्या जातीच्या अंगावर मांसही फारसं धरत नाही, म्हणून हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो, एक दिवसाची असतानाच ती वेगळी काढली जातात आणि मग रंगात बुडवून टोपलीतून स्वस्तात विकली जातात. एवढ्याशा पिल्लाला पहिल्या आठवड्यात जवळजवळ ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची. आपण काय करतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो, वर पंखा चालू असतो, आणि बल्ब लावला तरी हल्ली घरात एलईडी असतात, त्याचा उजेड पडतो पण ऊब येत नाही. त्यामुळे तुमच्या हातून काही पाप झालंय असं मनाला लावून घेऊ नका. पण पुन्हा ती पिल्लं घेऊ नका, आणि मुलांना का घेत नाही तेही सांगा.

आता जे एक वाचलंय ना, ते जवळजवळ नक्कीच कोंबडा आहे. तीन-चार महिन्यांत आरवायला लागेल, तेही उजाडायच्या आधी, आणि तुमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या आहेत. म्हणजे मुलाने विचारलेला प्रश्न तुमच्या घरात आत्ताच, खोक्यात बसलेला आहे.

आमच्याकडे हे कसं झालं ते सांगते. आमचं ठाण्यात कोलशेतला बैठं घर, मागे थोडं अंगण, सासूबाई कोंबडी खुडूक झाली की अंडी ठेवून बसवायच्या, आणि जितकी पिल्लं निघतात त्यात साधारण निम्मे नर हे ठरलेलंच. माझी लेक तेव्हा ८ वर्षांची, त्यातल्या एका कोंबड्याला तिने हातावर वाढवला, शाळेतून आली की तो फाटकापर्यंत धावत यायचा. पुढे तो लहान मुलांच्या पायावर झेप घ्यायला लागला, शेजारच्या आजी दोनदा बोलून गेल्या, आणि एका रविवारी लेक आत्याकडे गेलेली असताना आम्ही त्याला कापला. तिला सांगितलं, मुरबाडला पाठवला मामाकडे. संध्याकाळी ती मागे कचऱ्याची पिशवी ठेवायला गेली आणि तिला शेपटीचं एक पीस दिसलं, काळं, हिरवी झाक असलेलं. ती रडली नाही. पीस नळाखाली धुतलं, फ्रॉकला पुसलं, गणिताच्या वहीत ठेवलं. आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी काहीही सांगितलं, उद्या डॉक्टरकडे जायचंय, बाबांना यायला उशीर होणार, की ती विचारायची, "खरं सांग." कोंबडा कापला ह्याचं तिला वाईट वाटलंच असणार, पण तिचा विश्वास उडाला तो आमच्या खोट्याने, आणि ते मला आजही सलतं.

म्हणून सांगते, पिल्लं काय आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) काय, काहीही घरात यायच्या आधी तुम्ही, भाऊजी आणि सासू-सासरे एकत्र बसा आणि ठरवा. कापणार असाल तर तसंच सांगा, गावाकडच्या मुलांना ते कळतं, तुमच्या मुलालाही कळेल, पण मग नावं ठेवू देऊ नका आणि त्याच्या मागे लपून करू नका. कापणार नसाल तर तेही पूर्ण निभवा, कारण कोंबडी दोन-तीन वर्षांनी अंडी कमी करते आणि नीट सांभाळली तर सहा-आठ वर्षं जगते, म्हणजे अंडं न देणाऱ्या कोंबडीला पुढे कितीतरी वर्षं खायला घालायचंय. मला विचाराल तर पत्रावरून तुमचं घर दुसऱ्या प्रकारचं वाटतं. मग मुलाला असं सांगा, ह्या कोंबड्या अंड्यांसाठी आणि सोबतीला आहेत, ह्या आपण कापणार नाही, पण कोंबडा आपल्या घरात ठेवता येत नाही, तो गावी जाईल, आणि गावी लोक कोंबडा खातात, तो किती दिवस राहील हे आपल्या हातात नाही. एवढं सगळं सांगा, शेवटचं वाक्य गाळू नका. आणि आता जो आहे त्याच्या बाबतीत हेच करा, तो आरवायला लागला की मुलाला सोबत घेऊन जा सोडायला.

आता कोंबडी की बटेर. आधी कोंबडी, आणि पिल्लं नाही, तयार तलंगा, चार-पाच महिन्यांच्या, तीनच. एकटी कोंबडी झुरते, दोनात एक गेली की दुसरी एकटी, म्हणून तीन. त्या वयात मादी आहे हे नक्की कळतं, लसी झालेल्या असतात (काय काय लस दिली ते लिहून घ्या) आणि दीडेक महिन्यात अंड्यावर येतात. आणि हो, अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो, कोंबडा फक्त पिल्लं काढायची असतील तर. जात कुठली ह्याच्यात फार अडकू नका, गावठी चालेल, गिरिराज, वनराज चालतील. कडकनाथच्या मागे लागू नका, नाव मोठं आहे पण अंडी कमी देते आणि बुजरी असते, लहान मुलांच्या घरात मला नाही पटत.

कधी आणायच्या? पावसाळ्याच्या तोंडावर अजिबात नाही. चिपळूणचे म्हणजे गणपतीला तुम्ही सगळे गावी जाणार, आणि पाळलेल्या जनावराचा खरा प्रश्न तेव्हाच येतो की आठ दिवस दाणा-पाणी कोण बघणार. ह्या वर्षी गणपतीला जाऊन या, दिवाळी होऊ दे, मग आणा. तोवर खुराडं बांधून घ्या आणि ते रिकामं खुराडं पावसात उभं राहू दे. कुठून गळतं, वाऱ्याने झड कुठल्या बाजूने येते, तळाला पाणी किती वेळ साठतं हे एका पावसाळ्यात जेवढं समजेल तेवढं मी लिहून सांगू शकणार नाही. तीन कोंबड्यांना आत चार बाय तीन फूट पुरे, बसायला आडवी काठी, अंड्यासाठी एक अंधारी पेटी, आणि पुढे जाळीचं मोकळं अंगण जितकं देता येईल तितकं. कपड्यांच्या दोरीला जागा ठेवून सुद्धा तुमच्याकडे बसेल सगळं.

जाळीवर मात्र पैसे वाचवू नका. कोंबडीची जाळी म्हणून दुकानात पातळ तारेची षटकोनी जाळी देतात, मीही तीच लावली होती. ऑगस्टची रात्र, धो धो पाऊस, पत्र्यावर इतका आवाज की आम्हाला काही ऐकूच आलं नाही. सकाळी बघते तर घुशीने जाळी कुरतडून ताटलीएवढं भोक पाडलेलं आणि माझ्या सात बटेरांपैकी एकही नाही, फक्त भुशात पिसं आणि कोपऱ्यात एक ठिपक्यांचं अंडं, अख्खं. तेव्हापासून अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची जोड दिलेली चौकोनी जाळी, आणि ती जमिनीखाली फूटभर पुरलेली, नाहीतर खाली सरळ फरशी. नवी मुंबईत गटारांच्या कडेने घुशी किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. मांजर, मुंगूस, घार हे वेगळेच. रात्री कडी रोज लावायची, आणि ते काम कोणाचं ते आधी ठरवा.

आणि कामाचं म्हणाल तर ताई, मोबाईल सुटेल ह्या आशेवर कोंबड्या आणू नका. पहिले पंधरा दिवस मुलं दर तासाला बघायला जातील, मग शाळा, क्लास, परीक्षा, आणि पाणी बदलायचं काम तुमच्यावर येईल, कारण सकाळी साडेसहाला जागी तुम्हीच असता. भाऊजींची हौस आहे ना, मग रविवारची साफसफाई आणि खाद्याची गोणी आणणं त्यांच्याकडे. अंडी गोळा करून वहीत लिहिणं मुलाकडे. सासूबाईंचा अनुभव फार मोलाचा आहे, आजारी कोंबडी त्यांना लांबून ओळखता येईल, पंख पाडून मान आत ओढून बसली की झालं. फक्त एक गोष्ट त्यांना नीट समजावून सांगा, की गावची कोंबडी दिवसभर उकिरड्यावर फिरून किडे-मुंग्या टिपायची, संध्याकाळी मूठभर कणी टाकली तरी भागायचं. जाळीतल्या कोंबडीला तुम्ही द्याल तेवढंच. नुसत्या कणीवर आणि उरलेल्या भातावर ती जगेल पण अंडी धरणार नाही. तयार लेअर फीड (अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य) द्या, एका कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे तिघींना महिन्याला नऊ ते अकरा किलो. सोबत वाटीत शिंपल्यांचा चुरा. पावसात गोणी उघडी ठेवलीत तर खाद्याला बुरशी येते आणि ती बुरशी विषारी असते, डब्यात नाहीतर पत्र्याच्या कोठीत ठेवा, वास कुबट आला की टाकून द्या, हळहळू नका.

शेजाऱ्यांकडे आणायच्या आधी जा, आणल्यावर नाही. लोक दोन गोष्टींना वैतागतात, आरवणं आणि वास. कोंबडा नाही म्हटल्यावर पहिली गेली (अंडं दिल्यावर कोंबडी जरा गाजावाजा करते, पण दिवसा आणि पाच मिनिटं). वास येतो तो ओलाव्याने. भाताचं तूस चार बोटं जाड पसरा, दोन दिवसांनी खालीवर करा, पाण्याच्या भांड्याजवळचं ओलं झालेलं लगेच काढा. आठवड्यातून एकदा खाली बसून, नाक कोंबडीच्या उंचीला नेऊन वास घ्या, डोळ्यांना झोंबलं तर त्या बिचाऱ्या चोवीस तास त्यात आहेत. आणि कोपरखैरणेच्या विभाग कार्यालयात जाऊन परवानगीचं लेखी विचारा, तुमच्या असोसिएशनलाही एक अर्ज द्या. तोंडी "काही प्रॉब्लेम नाही" म्हणणारे तक्रार आली की ओळख दाखवत नाहीत.

सासऱ्यांच्या दम्याबद्दल स्पष्टच लिहिते. बटेरच्या अंड्याने दमा बरा होत नाही. अंडं चांगलंच आहे, पण कोंबडीच्या अंड्यासारखंच, बटेरची चार-पाच अंडी म्हणजे कोंबडीचं एक. उलट पक्ष्यांच्या पिसांची आणि शिटेची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते, काहींच्या फुप्फुसाला त्याने सूजही येते, आणि बटेर आकाराने लहान असली तरी धूळ भरपूर करते. म्हणून आणायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे मी अगदी कळकळीने सांगते. ते हो म्हणाले तरी खुराडं त्यांच्या खिडकीखाली नको, साफसफाई त्यांनी करायची नाही, आणि बटेर घराच्या आत, गॅलरीत किंवा हॉलमध्ये पिंजऱ्यात ठेवायचा विचार असेल तर तो सोडाच. डॉक्टर नको म्हणाले तर मग नाही, मुलं रडली तरी नाही.

छोटीचं एवढंच, हात लावला की साबणाने हात, पिल्लाचा-कोंबडीचा मुका घ्यायचा नाही, आणि पाण्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. कोंबडी ठणठणीत दिसली तरी तिच्या शिटेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. छोटीला आणि आजोबांना अंडं पूर्ण शिजवूनच द्या.

आजारांत मानमोडी सगळ्यात वाईट, मान वाकडी होते, हिरवी शीट, आणि एकामागोमाग एक जातात. लसीची बाटली मात्र शंभर-दोनशे पक्ष्यांची येते, फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते, तीन कोंबड्यांसाठी कोण आणणार? बोनकोडे गावात, कोपरखैरणे गावात अजून कोंबड्या पाळणारी घरं आहेत, त्यांच्याशी ओळख करा, सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी द्या. बर्ड फ्लूचंही माहीत असू दे. २००६ साली देशात पहिल्यांदा तो आपल्याच राज्यात नवापूरला सापडला, २०२२ ला आपल्या जिल्ह्यात शहापूरजवळ वेहळोलीला, २०२५ च्या जानेवारीत उरणला चिरनेरला. जिथे सापडतो तिथून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारतात, त्यात नाव ठेवलेल्या कोंबडीलाही सूट नसते. मुलाला हे आज सांगायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत हवं. अंगणावर वरून पत्रा किंवा छप्पर घाला म्हणजे कावळ्या-बगळ्यांची शीट आत पडणार नाही, आणि दोन-तीन पक्षी एकदम मेले तर कापू नका, कचऱ्यात टाकू नका, १९६२ ह्या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा.

आता बटेर. कोंबड्यांबरोबर एक वर्ष नीट गेलं की आणा, आणि तेव्हाही वेगळ्या पिंजऱ्यात, कारण कोंबड्या त्यांना टोचतात आणि एकमेकांचे आजार लागतात. घ्यायची ती जपानी बटेर, फार्मवर वाढवलेली, पावतीसकट. ही १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन संस्थेने कॅलिफोर्नियातून आणली आणि तिथून सगळीकडे गेली. शेतात जाळ्याने धरलेली लावरी कोणी "बटेर" म्हणून आणून दिली तर हात लावू नका, जंगली लावा १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे, धरणं-विकणं-ठेवणं गुन्हा आहे.

बटेर मांडीवर बसणारा पक्षी नाही हे मुलांना आधीच सांगा. ती घाबरली की सरळ वर उडते, डोकं छताला आपटून मरते सुद्धा, म्हणून पिंजरा एक तर फूटभर उंचीचा नाहीतर चांगला माणसाएवढा. कोंबडीचं खाद्य तिला पुरत नाही, प्रोटीन जास्त लागतं. पिल्लं आणलीत तर पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, अंगठ्याएवढं पिल्लू असतं, उथळ पाण्यात पण बुडतं. पण बघायला म्हणाल तर तास निघून जातो. एका घमेल्यात कोरडी वाळू ठेवा, एक उतरते, मग सगळ्या उतरतात, कुशीवर पडून पायाने वाळू उडवतात, डोळे अर्धे मिटतात, आणि मग उठून अंग झाडतात तेव्हा एवढ्याशा पक्ष्यातून ढगच निघतो. तीन आठवड्यांत नर-मादी ओळखता येतात, नराची छाती तांबूस एकरंगी, मादीच्या छातीवर काळे ठिपके. सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू. आणि तुमच्या मुलाला आवडेल असं एक सांगते, प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी तिची तिची असते, रोज साधारण तशीच, कोणाची बारीक ठिपके, कोणाचे मोठे शाईसारखे डाग, कोणाचं जवळजवळ कोरं. महिनाभर वहीत काढलं की अंडं बघून कोणाचं ते सांगता येतं. माझी लेक सांगायची.

पण ते पुढच्या वर्षी. दिवाळीनंतर तलंगा आल्या की एवढं बघत रहा, तुरा फिका गुलाबीचा लालभडक होतो, आणि पाठीवर हात ठेवला की पळायच्या ऐवजी पंख जरा पसरून खाली बसते. त्यानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत अंडं. पहिलं लहान असतं, कधी त्यावर रक्ताची बारीक रेघ असते, कधी कवचच नसतं, नुसती मऊ पिशवी हातात येते. पहिली एक-दोन अशी आली तर आजार समजू नका, वाटीत शिंपले आहेत ना तेवढं बघा. पेटीत हात घालायचा मान मुलाला द्या, फक्त अंडं ऊनऊन लागतं हे त्याला आधी सांगू नका.